वरच्या खोलीतले मामा

मामा हा शब्द आपण फार लोकांना लावतो. आईच्या भावाला तर लावतोच, पण कचेरीतल्या शिपायालाही लावतो, बसच्या कंडक्टरलाही लावतो, आणि पोलिसाला त्याच्या पाठीमागे लावतो. शिवाय कोणाला फसवलं की त्याला ‘मामा बनवलं’ म्हणतो. ज्या माणसाबद्दल मी लिहायला बसलो आहे त्यांना आमच्या वस्तीतली सगळी पोरं मामा म्हणायची. यातल्या नेमक्या कुठल्या अर्थाने, हे बरेच दिवस कोणालाच ठरवता आलं नाही. मलाही नाही. मला लिहायची सवय नाही, तेव्हा काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

औषधाच्या दुकानावर एक खोली आहे. तिचा जिना बाहेरच्या बाजूने, रस्त्यावरून दिसेल असा. पूर्वी तिथे दातांचे डॉक्टर बसायचे. ते गेल्यावर वस्तीच्या समितीने ती खोली तरुण मुलांना सल्ला आणि मदत देण्यासाठी घेतली. वयात येणाऱ्या पोरांपासून पंचविशीपर्यंत कोणीही तिथे जावं आणि विचारावं. नापास झालो, आता काय करू. मालक पगाराशिवाय थांबवून घेतो, चालतं का. घरी राहवत नाही. दवाखान्यात एकटीला जायला भीती वाटते. असलं सगळं.

समितीत आम्ही तिघं. दुकानवाले औषधविक्रेते अध्यक्ष, एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे बाई म्हणतात, आणि मी. मी जन्मभर पाणीखात्यात मीटर वाचत फिरलो. घरोघर जायचं, आकडा बघायचा आणि तोंड न उघडता बाहेर पडायचं. अध्यक्ष मला म्हणाले होते, “काका, समितीत एक तरी न बोलणारा माणूस हवा. नाहीतर सभा संपतच नाहीत.”

मामांना बाईंनी आणलं. त्यांचा जुना विद्यार्थी. आधी बरीच वर्षं पोलिसात होता, मग नोकरी सोडून समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलं. पोलिसात होता म्हटल्यावर अध्यक्षांच्या भुवया ज्या वर गेल्या त्या बरेच दिवस खाली आल्या नाहीत.

“नोकरी का सोडली?” त्यांनी विचारलं.

“गुडघे गेले. बंदोबस्ताला उभं राहवेना.”

“फक्त गुडघे?”

“दोन्ही,” मामा म्हणाले.

या उत्तरावर वस्तीत कोणाचा विश्वास बसला नाही. लाँड्रीवाल्याच्या मते त्यांना निलंबित केलं होतं. आमच्या सूनबाईंच्या मते त्यांनी साहेबाच्या कानाखाली वाजवली होती. मामा रोज कठडा धरून एकेक पायरी चढताना सगळ्यांना दिसत, पण गुडघ्यांचा विचार कोणीच केला नाही.

माणूस पन्नाशीचा, उंच, आवाज खालच्या पट्टीतला. खोलीत शिरण्याआधी मागे वळून सगळा रस्ता एकदा पाहायची खोड. मला तेच खटकायचं. जो माणूस सारखा मागे बघतो त्याच्यामागे काहीतरी असणार, असं मी धरून चाललो.

आणखीही गोष्टी होत्या. दाताच्या डॉक्टरांची पाटी त्यांनी काढूच दिली नाही. अध्यक्षांनी नवी पाटी करायला काढली तर म्हणाले, “जुनी राहू द्या. पोराला जिना चढताना कोणी हटकलं तर दाढ दुखते म्हणता येईल.” तेव्हापासून वस्तीतल्या तरण्याताठ्या पोरांच्या दाढा फार दुखायला लागल्या. कधी खरोखर दाढ दुखणारे एखादे आजोबा गाल धरून वर जायचे आणि अर्ध्या तासाने खाली यायचे. दात तसाच, पण चेहरा जरा बरा.

खोलीत खुर्च्या दोन. त्या समोरासमोर नव्हत्या, खिडकीकडे तोंड करून शेजारी शेजारी ठेवलेल्या. टेबलावर पेन्सिलींनी भरलेला डबा. पोर बोलत असलं की मामा एकेका पेन्सिलीला टोक काढत बसायचे. लिहायचे मात्र एक अक्षर नाही. इतकी वर्षं लोकांचे जबाब लिहिले, म्हणायचे, कागद पुढे ओढला की समोरचा कसा बदलतो ते पुरतं पाहिलंय. पेन्सिली सगळ्या सुईसारख्या, वापरलेली एकही नाही. असल्या माणसावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

माझी नात वर जायची. कशासाठी ते मला माहीत नव्हतं, आणि विचारलं की ती म्हणायची, “दाढ, आजोबा.” बत्तीसच्या बत्तीस दात मोत्यासारखे. एकदा मात्र तिने आपणहून सांगितलं की मामा पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एक गोष्ट सांगतात. इथलं बोलणं इथेच राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर मला ते बाहेर सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला सांगेन. मी मनात म्हटलं, हे सगळं बोलायला ठीक आहे.

रस्त्यापलीकडे चपलांचं दुकान आहे. दुकानदाराची एकुलती मुलगी तेव्हा सतरा-अठराची. टकटक करत चालायची म्हणून पोरं तिला टाच म्हणत. तिला रुग्णालयातलं एक्स-रे काढायचं शिक्षण घ्यायचं होतं, आणि बापाला तिला गल्ल्यावर बसवायचं होतं. एका दुपारी दुकानातच दोघांची जुंपली. मी चपलेचा अंगठा शिवून घ्यायला गेलो होतो, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

“माणसांची हाडं बघून काय मिळणार तुला?” बाप म्हणाला. “पाय बघ, पाय. तुझा आजा, मी, आपण सगळे लोकांच्या पायांवर जगलो.”

“मग बसा तुम्ही पायांशी. मी चालले.”

“जा की! आज नाही उद्या, आपल्या पायांनी परत येशील.”

“माझ्या पायांनी? मेले तरी येणार नाही!”

एक गिऱ्हाईक एका पायात नवा बूट चढवून तसंच बसून राहिलं होतं. टाच खरंच निघून गेली. बापाने पोलिसात तक्रार दिली नाही, कारण अब्रू. विचारलं की सांगायचा, “मावशीकडे गेलीय.” आई दुकानात यायची बंद झाली.

त्यानंतर काही दिवसांनी मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेलो. दुकानात गर्दी, म्हणून जिन्याखाली सावलीला उभा राहिलो. वर कठड्याशी मामा फोनवर बोलत होते.

“हो ताई. साध्या कपड्यात या. गाडी कोपऱ्यावरच लावा. आणि ती काय वाट्टेल ते बोलली तरी मनावर घेऊ नका.”

फोन ठेवून त्यांनी सवयीप्रमाणे रस्ता पाहिला. खाली मी होतो, पण जिन्याखालचा माणूस वरून दिसत नाही. साध्या कपड्यात कोण येतं ते मला काय कोणी सांगायला हवं होतं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाच आली. म्हणजे आणली. साध्या कपड्यातल्या एका बाईने तिचा दंड धरला होता, मागून एक शिपाई. टाच हात झटकत होती, रडत होती, त्या बाईला नाही नाही ते बोलत होती. सगळी वस्ती दारात. बापाने तिला आत घेतलं आणि भर धंद्याच्या वेळी दुकानाचं शटर ओढलं.

पोरांना हिशेब लावायला वेळ लागला नाही. टाच कुठे राहतेय ते एका मामांनाच माहीत होतं, कारण ती त्यांना फोन करायची. बापाने तक्रार दिलेली नाही. मग पोलीस आले कसे? “मामाने मामांना सांगितलं,” एक जण म्हणाला. दुसऱ्याने त्यावर कडी केली, “मामाने आपल्यालाच मामा बनवलं.” हे इतकं पसरलं की दुधाच्या रांगेतही लोक तेच बोलू लागले. वस्तीतल्या सगळ्या दाढा एका दिवसात बऱ्या झाल्या. कोणीतरी खोलीच्या दारावर कोळशाने लिहिलं, ‘इथे जबाब घेतले जातील’. मामा त्या दाराआड एकटे पेन्सिली तासत बसायचे.

अध्यक्षांनी सभा बोलावली, त्याच खोलीत. खुर्च्या दोनच, म्हणून अध्यक्षांनी खालून औषधांची खोकी आणवली.

“सरळ विचारतो,” ते म्हणाले. “पोलिसांना तुम्ही कळवलं?”

“हो.”

मला वाटलं होतं नाकारतील. बाईंनीही मान वर केली.

“मुलीला विचारून?”

“ते मी सांगणार नाही.”

“म्हणजे न विचारता!”

“तसं मी म्हटलं नाही.”

“मग विचारून?”

“तसंही म्हटलं नाही.”

“अहो, ही काय कोर्टातली उलटतपासणी आहे?” अध्यक्षांनी खोक्यावर थाप मारली. आत बाटल्या वाजल्या. “पोरं यायची बंद झालीत. पालक मला येऊन विचारतात, वर कोणाला बसवलंय तुम्ही? एक वाक्य बोला आणि मोकळे व्हा.”

“एक पोर माझ्याशी काय बोललं ते मी तुम्हाला सांगितलं,” मामा म्हणाले, “तर बाकीच्यांनी माझ्याकडे का यावं?”

“आत्ता तरी कुठे येतायत?”

मामांनी डब्यातली पुढची पेन्सिल उचलली. बाई म्हणाल्या, घाई नको, पुढच्या सभेत हात वर करून ठरवू. तोवर काकांनी मामांशी एकट्याने बोलून बघावं. मी नको म्हणायच्या आत सभा संपली होती.

मी गेलो. मामांनी मला त्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. समोर खिडकी, खिडकीतून पलीकडच्या चपलांच्या दुकानावरची भिंत. मी मनाशी प्रश्न जुळवून नेले होते. ते राहिले बाजूला, आणि मी भिंतीकडे बघत बघत भलतंच बोलून बसलो. म्हटलं, माझी नात माझ्याशी बोलत नाही. पूर्वी सगळं सांगायची, आता दाढ म्हणते. तिला काही त्रास असेल तर मला कळणारच नाही, याची मला भीती वाटते. मामा पेन्सिलीची साल काढत होते. म्हणाले, “हे तिला सांगितलंत कधी?”

घरी येताना मला स्वतःचाच राग आला. मी याची चौकशी करायला गेलो आणि यानेच माझ्याकडून काढून घेतलं! पोलीस तो पोलीसच. गोड बोलून पेन्सिलीसारखी साल काढतो, मी मनात म्हटलं, आणि सभेत विरोधात हात वर करायचं जवळजवळ पक्कं केलं. सूनबाईंना तसं बोलूनही दाखवलं. ते नातीने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी घरात मी एकटाच असताना नात टाचेला घेऊन आली. आज अनवाणी आल्यासारखी, पायांचा आवाज न करता. नातीने दार लावलं.

“आजोबा, ही तुम्हाला काही सांगणार आहे. पण तुम्ही कोणाला सांगायचं नाही.”

“मग मी समितीला काय सांगू?”

“ते तुमचं तुम्ही बघा.”

टाच बोलू लागली. ज्या मैत्रिणीच्या खोलीवर ती गेली होती तिथे रोज नवी माणसं यायची. दाराला आतून कडी नव्हती. एकाने तिची पिशवी उचकटली, दुसरा तिच्या उशाशी येऊन बसला. तिला घरी यायचं होतं. पण भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर ती म्हणून गेली होती की आपल्या पायांनी येणार नाही. आणि बापाला ती ओळखत होती. आपणहून आली असती तर जन्मभर त्याने तेच ऐकवलं असतं, आणि गल्ल्यावर बसवलं असतं ते वेगळंच. तिने मामांना फोन केला. “मला कोणीतरी धरून न्या,” ती म्हणाली. “पण मी बोलावलं असं दिसता कामा नये.” मामा आधी म्हणाले, सरळ घरी ये, मी तुझ्या वडिलांशी बोलतो. ती ऐकेना. मग तीच म्हणाली, तुम्ही स्वतः या. त्यावर ते म्हणाले, मी पन्नाशीचा पुरुष तुला कुठूनतरी घेऊन आलो तर लोक माझं नाही, तुझं नाव घेतील. तिची संमती घेऊन त्यांनी ओळखीच्या एका महिला पोलिसाला सांगितलं.

हे आज लिहितो आहे ते तिला विचारून. आता ती मोठी झाली, एक्स-रेच्या खोलीत काम करते, आणि बापाला तिनेच हसत हसत सगळं सांगून टाकलं आहे. पण त्या दिवशी माझा तिच्यावरही विश्वास बसला नाही.

“तुला मामांनी पाठवलं ना?” मी विचारलं.

ती भडकली. “त्यांना कळलं तर तेच माझ्यावर रागावतील! ते म्हणालेत, माझ्यासाठी तोंड उघडू नकोस.”

“मग त्या पोलीसबाईला एवढ्या शिव्या का दिल्यास?”

“खरं वाटायला नको? मी आधीच मामांना म्हटलं होतं, मला त्यांना वाट्टेल ते बोलावं लागेल. ते म्हणाले, बोल, मी त्यांना मनावर घेऊ नका म्हणून सांगतो.”

ते वाक्य जिन्याखाली मी ऐकलं होतं, आणि आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. घरातही नाही.

सभेत अध्यक्षांनी हात वर केला, मामांना काढण्यासाठी. बाईंनी ठेवण्यासाठी. मग दोघं माझ्याकडे बघू लागले. मामा खिडकीकडे.

“राहू द्या त्यांना,” मी म्हटलं.

“कारण?”

“आहे एक.”

“मग सांगा की!”

“सांगता येणार नाही.”

“घ्या!” अध्यक्ष उभे राहिले. “आता हे पण! काका, इतकी वर्षं तुम्ही बोलत नव्हता तेच बरं होतं.” ते माझ्याकडे आणि मामांकडे आळीपाळीने बघत राहिले. त्या घडीला आम्ही दोघं मिळून काहीतरी कारस्थान करतोय याबद्दल त्यांची पक्की खात्री झाली असावी. जाताना म्हणाले, “ठीक आहे, दोन विरुद्ध एक. पण रिकाम्या खोलीचं काय करायचं? महिनाअखेरपर्यंत एकही पोर आलं नाही, तर मी कुलूप लावणार. मग हात कोणाचे किती वर जातात ते बघत बसा.”

बाईंनी खोकी एकावर एक रचायला घेतली.

जिना उतरताना मामांनी माझा दंड धरला. गुडघ्यांसाठी असेल असं मला वाटलं. पण त्यांनी मला थांबवलं होतं.

“तुम्हाला कोणी काही सांगितलंय का?”

“नाही.”

“तुम्हाला खोटं बोलता येत नाही.”

ते माझ्याकडे तसेच बघत होते, जसा मी त्यांच्याकडे इतके दिवस बघत होतो. मग म्हणाले, “ज्याने सांगितलं त्याला निरोप द्या. मी दुसरं काम बघीन. कोणी माझ्यासाठी स्वतःला उघडं पाडायचं नाही.”

मी निरोप दिला. नातीमार्फत दिला. कुलपाचीही गोष्ट सांगितली, कारण ती समितीत उघड झाली होती, गुपित नव्हती. टाच ते ऐकून तशीच निघून गेली, असं नात म्हणाली.

महिना संपत आला. खोली रिकामीच. मी दुपारी औषधाच्या दुकानात बसायला लागलो होतो, निमित्त गोळ्यांचं. अशाच एका दुपारी, दुकानं उघडी, रस्ता माणसांनी भरलेला, आणि टाच बापाच्या दुकानातून बाहेर पडली. टकटक करत तिने रस्ता ओलांडला. बाप आतून ओरडला, “कुठे निघालीस?”

“वर,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “मामांकडे.”

“त्याच्याकडे? ज्याने तुला पोलिसांच्या हाती दिलं त्याच्याकडे?”

“हो. त्यांच्याकडेच.”

आणि जिना चढून गेली. समोरच्या पानाच्या टपरीशी उभी असलेली पोरं बोलायची थांबली. बाप हातात चपलेचा जोड घेऊन दारात तसाच उभा.

अध्यक्ष गल्ल्यामागून बाहेर आले आणि मान वर करून जिन्याकडे बघू लागले. “काका, हे काय आहे? ही परत कशी गेली?”

“तिला विचारा.”

“सांगेल ती?”

“मला नाही वाटत.”

“तुम्हाला माहीत आहे.”

मी गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलेलं वाचू लागलो. अध्यक्षांनी बराच वेळ मला न्याहाळलं. “काहीतरी शिजतंय,” ते म्हणाले, “आणि मला सोडून सगळ्यांना वाढलेलं दिसतंय.”

टपरीशी दोघं जण उभे होते, त्यातला एक गेल्या वर्षी दोनदा नापास झालेला. त्याने जोडीदाराला विचारलं, “ती गेली ना रे वर? टाचच होती ना?”

“टाचच होती.”

पोराने खिशातून हात काढले, दोन्ही बाजूंना कोणी बघतंय का ते पाहिलं, आणि सगळे बघतायत हे दिसत असूनही रस्ता ओलांडला.